टाकीचं झाकण

"बघितलंस? काल पेट्रोल भरलं आणि आज दिवा!" तो म्हणाला आणि स्टिअरिंगवर थाप मारली.

डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं होतं. शेजारी बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मागच्या सीटवर चिऊ तोंड उघडं टाकून झोपली होती.

"भेसळ आहे, दुसरं काही नाही. तो म्हातारा पाइप लावून भलतीकडेच बघत होता. तेव्हाच हटकायला हवं होतं."

"पुढे गॅरेज आहे," ती म्हणाली. "दाखवून घेऊ या का?"

"तुला काय कळतं गाडीतलं? गप्प बस."

पण गाडी त्याने गॅरेजकडेच वळवली. कालचा पेट्रोलपंप रस्त्याच्या पलीकडेच होता. हातात पुरावा घेऊन तिथे जायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

खरं तर त्याचं डोकं कालपासूनच तापलेलं होतं. अख्खा उन्हाळा बायको माहेरी येऊन बसली होती. मुलीला त्याने तिच्याबरोबर सोडलं नव्हतं, तरी ही हटली नाही. फोन झाले, तिचे मामा मध्ये पडले, काही उपयोग नाही. शेवटी काल तो चिऊला गाडीत घालून इथे आला आणि सासऱ्यांच्या दारातच उभा राहून म्हणाला, "पोरगी हवी असेल तर गाडीत बस." मेहुणा अंगावर धावून आला. बायकोनेच त्याला आवरलं. "सकाळी निघू," एवढंच ती म्हणाली, आणि सकाळी खरोखरच पिशवी घेऊन मुकाट्याने गाडीत येऊन बसली. हे आधीच करायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

गॅरेजमध्ये एक बाई टायरवर बसून हातपान्याने काहीतरी आवळत होती. डोक्याला फडकं, कोपरापर्यंत काळं वंगण.

"मालक कुठाय?"

"मीच. बोला."

तो बायकोकडे बघून हसला. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"काल समोर पेट्रोल भरलं, आज हा दिवा. मला लेखी द्या, पेट्रोलमध्ये भेसळ आहे म्हणून."

"आधी बघू तर द्या, साहेब."

तिने स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र जोडलं आणि पडद्यावरचा आकडा वाचला. "टाकीची वाफ बाहेर निसटतेय," म्हणत ती मागे गेली. पेट्रोलच्या टाकीचं झाकण न फिरवताच तिच्या हातात आलं.

"पेट्रोल ठीक आहे. झाकण सैल होतं, एवढंच. वाफ निसटली की दिवा लागतो. तो घालवते मी, पण थोडा वेळ लागेल. इंजिन चालू राहू द्या, यंत्राचं काम संपलेलं नाही."

त्याची जवळजवळ निराशाच झाली. मग एकदम चेहरा उजळला.

"म्हणजे त्या म्हाताऱ्याने झाकण नीट लावलंच नाही!"

"ते त्यालाच विचारा," बाई मान वर न करता म्हणाली.

"अहो, जाऊ द्या ना," बायको म्हणाली. "लागला ना पत्ता? आता कशाला त्या माणसाला..."

"हेच! तुझं हे 'जाऊ द्या'च माझ्या डोक्यात जातं!" त्याने दार इतक्या जोरात आपटलं की चिऊ दचकून उठली. तो तोवर रस्ता ओलांडायला लागला होता.

म्हातारा एका मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरत होता. गेल्या गेल्या त्याने म्हाताऱ्याची कॉलरच धरली.

"झाकण लावायचं एवढंही जमत नाही? रस्त्यात गाडी पेटली असती म्हणजे?"

"साहेब, मी कटकट आवाज येईपर्यंत फिरवलं होतं. रोजचं काम आहे माझं."

"मी खोटं बोलतोय?"

मॅनेजर धावत आला. माणसं जमली. म्हातारा पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला, आणि हा तितकाच चढत गेला. "नोकरीवरून काढा याला! माझ्यासमोर काढा!" शेवटी मॅनेजरने म्हाताऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्याने हात जोडले.

"चुकलं, साहेब."

"मोठ्याने."

"चुकलं माझं."

आता कुठे त्याला बरं वाटलं. शर्ट सारखा करत, रमतगमत त्याने रस्ता ओलांडला. घरी पोचेपर्यंत बायकोला हे सगळं नीट ऐकवायचं होतं. माणसाला कसं वठणीवर आणतात, ते तिलाही कळलं पाहिजे.

गॅरेजसमोर गाडी नव्हती. बाई फडक्याने हात पुसत उभी होती.

"गाडी कुठाय? फिरवून बघायला कोण घेऊन गेलं?"

"तुमच्या मिसेस गेल्या घेऊन. मुलगी आहे सोबत."

"काय थट्टा लावलीय? तिला साधी सायकल येत नाही!"

"सायकलचं माहीत नाही," बाई म्हणाली. "गाडी उन्हाळाभर मीच शिकवली तिला. झाकण कितपत सैल ठेवायचं, तेही."