बिनकडीचं दार

मंगळावरच्या बिनमालकीच्या वस्तीत एकाही दाराला कडी नव्हती. कंपनीचं शहर सोडून आल्यावर मैनाताईंनीच सगळ्यांना आपापल्या कड्या फेकून द्यायला लावल्या होत्या. कडी आली की मालकी आली, असं त्या म्हणायच्या.

आज त्या शहरातली हवा संपली आणि तिथली माणसं वस्तीचं दार ठोठावू लागली. नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं. पण विचारल्याशिवाय आत शिरायची त्यांना सवयच नव्हती.

“एवढ्यांना घेतलं तर आपल्यालाही हवा पुरायची नाही,” सोराब म्हणाला. “कडी आहे का कुणाकडे?”

कुणी कुणाकडे बघेना. मग एकेक जण घरी जाऊन लपवलेली कडी घेऊन आला. सगळ्या गंजलेल्या.

मैनाताईंची मात्र झटकन बसली. दर महिन्याला त्या तिला न चुकता तेल घालत होत्या.