कच्चं सिमेंट

"आ करा, बाबा. अजून थोडा."

म्हाताऱ्या दंतवैद्याने आ केला. चाळीस वर्षं हे वाक्य त्याचं होतं. आता खुर्ची तीच, दवाखाना तोच, फक्त हत्यारं मुलीच्या हातात. खाली डाव्या बाजूला तीन दातांचा ब्रिज बसवायचा होता. तिने तो दोनदा घालून पाहिला, चाव तपासला, कडा चाचपल्या. खोड काढायला तिने जागाच ठेवली नव्हती, आणि खोड काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"कापूस नीट भर. ओल राहिली की सिमेंट धरत नाही."

"गप्प बसा ना जरा. असला पेशंट वैऱ्यालाही मिळू नये."

तो हसला. तिने गालाशी कापूस कोंबला, हवेचा झोत मारून दात कोरडे केले आणि पाठ वळवून सिमेंट घोटायला घेतलं. कॉलेजात हा विषय तोच शिकवायचा. पोरांना पहिल्याच तासाला सांगायचा, सिमेंटची ताकद न् किंमत मागून बघा. आधी विचारा, हे किती दिवस टिकायला हवं? पुन्हा काढायचं असेल तर कच्चं, नसेल तर पक्कं.

ती वळली. ब्रिज दातांवर चढवून तिने अंगठ्याने दाबला, वर कापसाची गुंडाळी ठेवली.

"घट्ट चावून धरा. पाच मिनिटं."

आणि त्याच्या नाकात लवंगेचा वास शिरला.

पक्क्या सिमेंटला हा वास नसतो. लवंगेच्या तेलात कालवतात ते कच्चं. आज लावलं, दोन महिन्यांनी उचकटलं. आधी त्याला वाटलं, पोरीने चुकून दुसरी डबी उचलली. पण ती चुकणारी नव्हती, त्याच्याच हाताखाली तयार झाली होती. मग त्याला गेल्या पंधरवड्यातल्या पोटाच्या तपासण्या आठवल्या. अल्सर आहे, गोळ्यांनी जाईल, असं घरात सगळ्यांनी एका सुरात सांगितलं होतं. रिपोर्ट मात्र कोणी त्याच्या हातात दिला नव्हता.

तोंडात कापूस. बोलायची सोय नव्हती. तो छताकडे बघत चावून पडून राहिला. ती पाठमोरी उभी राहून धुतलेली हत्यारं पुन्हा धूत होती.

पाच मिनिटांनी तिने कापूस काढला.

"लवंग का?" त्याने विचारलं.

"हिरडी जरा सुजलीय. उतरली की पक्कं बसवू."

हिरडी सुजलेली नव्हती. ही थाप तर त्याचीच. थोडे दिवस उरलेल्या म्हाताऱ्यांना त्याने ती कितीदा मारली होती, आणि बाहेर येऊन त्यांच्या माणसांना खरं सांगितलं होतं.

"किती महिने?"

"कसले?"

"अगं, मी बाप आहे तुझा. आणि मास्तरही."

तिने मास्क काढला नाही. "केमोची औषधं सुरू झाली की तोंड आतून सोलवटतं, बाबा. तेव्हा ब्रिज पटकन काढता यावा म्हणून..."

"तुझ्या आईला माहीत आहे?"

"आईच म्हणाली, त्यांना सांगू नका."

"आणि दादाला?"

तिने होकाराची मान हलवली.

"वा! म्हणजे अख्ख्या घरात अल्सर फक्त मलाच."

तिच्या मास्कच्या कडा ओल्या झाल्या. एरवी त्याने तिची समजूत घातली असती. आज घातली नाही.

"काढ हे," मग तो म्हणाला. "पक्कं लाव."

"पक्कं लावलं की निघत नाही, बाबा. उद्या वेळ आली तर कापूनच काढावा लागेल."

"कोण काढतंय?"

मग डोळे पुसून तिने हातमोजे बदलले, हत्यार उचललं आणि त्याच्यावर वाकली. टोक ब्रिजच्या कडेला टेकेना. दोनदा दातावर वाजलं.

त्याने तिचं मनगट धरलं.

"हात स्थिर ठेव," तो म्हणाला. "पेशंट घाबरतो."