सढळ हाताचे पाहुणे

आमचे हे पर्यटन खात्यात मोठे साहेब. आज टीव्हीवर छाती फुगवून सांगत होते, "यंदा परदेशी पाहुण्यांनी उच्चांक गाठलाय! आणि खर्च करतात तोही कसा, अगदी सढळ हाताने!"

घरी आले तरी तेच पुराण. बूट काढता काढता म्हणाले, "अगं, सगळं जग आपल्याकडे धाव घेतंय. तुला मात्र त्याचं काहीच नाही!"

मी मागच्या खोलीतल्या पलंगावरच्या नव्या चादरी काढत होते. एकीवरही सुरकुती पडली नव्हती. ह्याच पाहुण्यांसाठी मी ती खोली रंगवून घेतली होती, बाथरूममध्ये नवा गीझर बसवला होता.

"पण अहो, पाहुणा परदेशी आहे हे तुम्ही ठरवता कसं?" मी तिथूनच विचारलं.

"त्यात काय! विमानतळावर बाहेरच्या देशाचा पासपोर्ट दाखवला की झाला परदेशी. मग तो हॉटेलात जितका राहील, जितके पैसे उडवेल, तितका आपला फायदा."

"म्हणजे आपला सोन्याही त्यात धरला असेल. त्याचाही पासपोर्ट आता तिकडचाच ना?"

चादरीची घडी घालत मीच पुढे म्हटलं,



"बायकोला आपलं घर चालत नाही म्हणून आठवडाभर हॉटेलात राहिला आणि आईकडे चहापुरता आला; इतका सढळ पाहुणा तुमच्या खात्याला दुसरा कुठे मिळायचा?"