चिखलातली शाल

धाकटी बहीण शेवटच्या घटका मोजत होती आणि मला तिच्याकडे नेणारी पुतण्याची नवी फोर बाय फोर आडवाटेला चिखलात रुतली. त्याचे वडील अशा वेळी विजार दुमडून आधी स्वतः उतरायचे. मी म्हातारी उतरले, पण हा मात्र बूट खराब होतील म्हणून खिडकीतूनच हुकूम सोडत राहिला. शेवटी शेतातल्या बायकांनी चाकांखाली दगड, फांद्या आणि मी बहिणीसाठी विणलेली शालसुद्धा घालून गाडी कशीबशी बाहेर ढकलली.

“चल रे बाबा लवकर, वाट बघतेय ती!”

“एकच मिनिट, आत्या,” म्हणत त्याने गाडी मागे घेऊन पुन्हा त्याच चिखलात घातली.

 

“मावशी, परत एकदा ढकला हो, मघाशी व्हिडिओ काढायचाच राहिला!”