कोरडी पट्टी

"कुठली तार?" शेतमालक भावांपैकी धाकट्याने विचारलं, तसं वैमानिकाने पुन्हा वर बोट केलं. बोटाच्या टोकाशी काहीच नव्हतं. नुसतं रिकामं आकाश.

"विजेची, इथेच होती हो," तो म्हणाला. "शेताच्या मधोमध, आडवी. दोन्ही टोकांना खांब. दर फेरीला मी विमान वर घेतलं, तार ओलांडली नि पुन्हा खाली आलो."

"तेच तर विचारतोय! तुम्हाला फवारणीला बोलावलं होतं, हवेत कोलांट्या मारायला नाही." धाकटा तणतणत कपाशीत शिरला. अलीकडची पानं औषधाने ओली होती, पलीकडची ओली होती आणि मध्ये शंभरेक पावलांची पट्टी ठणठणीत कोरडी. "इथल्या अळ्या तुम्हाला दुवा देतील. आणि खांब म्हणताय ना, ते बघा तुमचे खांब. बांधावरची दोन वाळकी झाडं!"

वैमानिकाचं डोकं गरगरलं. तार कधी दिसत नसतेच. पिकावरून माणूसभर उंचीने विमान पळत असताना तर मुळीच नाही. खांब बघायचे आणि तार ओळखायची, हेच तो बावीस वर्षं करत आला होता. आणि आज झाडांना खांब समजला? डोळे गेले की डोकं? धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. संध्याकाळपर्यंत तो गावभर डांगोरा पिटणार. भ्रमिष्ट वैमानिकाला पुन्हा कोण बोलावणार? आणि विमान चालवण्याशिवाय आपल्याला येतं तरी काय?

तेवढ्यात वैमानिकाचा मेहुणा टँकर सोडून धावत आला. औषध कालवायचं, टाकी भरायची, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, ही त्याची कामं. "भावोजी, नकाशा दाखवा बघू."

नकाशा वैमानिकाच्या मांडीला पट्ट्याने बांधलेला होता. पंधरा दिवसांत तीस-चाळीस शेतं. सगळी लक्षात कशी राहणार? म्हणून तो आदल्या दिवशी प्रत्येक शेताच्या बांधावरून फिरायचा, कागदावर शेत काढायचा आणि तार असेल तिथे लाल रेघ ओढायचा. उडताना सारी भिस्त त्या कागदावर. धाकट्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि त्याला खो खो हसू फुटलं.

"अहो, हे माझं शेतच नाही! हे दादाचं. बाबांनी एकच तुकडा मधोमध कापून आम्हा दोघांना दिला. जुळ्यांसारखी दिसतात शेतं. पण तार दादाच्या शेतातून जाते."

मेहुण्याने जीभ चावली. सकाळी कागद त्यानेच लावून दिले होते. "चुकलं, भावोजी. अदलाबदल झाली."

वैमानिकाच्या जिवात जीव आला. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं! कागदावर तार होती, म्हणून दिसली, एवढंच. तोही हसायला लागला. बघता बघता धाकट्याचा राग निवळला. "एक टाकी अजून मारू," मेहुणा म्हणाला, "पट्टी भिजवून टाकू." आणि तो लगबगीने टँकरकडे गेला.

तोच बांधावर मोटारसायकल थांबली. थोरला आला होता. त्याच्या शेतातली फवारणी सकाळीच उरकली होती.

"मानलं तुम्हाला, कॅप्टन!" तो लांबूनच ओरडला. "गेल्या वर्षी तारेपाशी विमान वर घेतलंत आणि तेवढी पट्टी अळ्यांनी फस्त केली. आज एक पान कोरडं नाही!"

वैमानिकाचं हसू ओठांवरच राहिलं. सकाळी मांडीवर धाकट्याचा कागद होता. लाल रेघ नसलेला. त्याने सकाळ आठवून पाहिली. कपाशीच्या ओळी आठवल्या, कालव्याचं वळण आठवलं. खांब मात्र काही केल्या आठवेनात.

"आणि तारेखालून काय शिताफीने काढलंत हो!" थोरल्याला बोलण्याचा उमाळा आला होता. "वर हातभर जागा राहत होती, हातभर! बायकोने तर डोळेच मिटून घेतले. मी मात्र मोजत होतो. अठरा वेळा!"

वैमानिक मटकन ढेकळांत बसला. डोळे शाबूत होते, डोकं शाबूत होतं, आणि अठरा वेळा मरण डोक्यावरून गेलं तरी त्याला पत्ता नव्हता. भीती आत्ता आली, अर्धा दिवस उशिरा.

"आत्तापासूनच सांगून ठेवतो," थोरला म्हणाला, "पुढच्या वर्षीही तुम्हीच यायचं. अस्सं करणारा दुसरा मिळायचा नाही."

"दुसराच बघा," वैमानिक म्हणाला. "ज्याला तार दिसते असा."