सव्वा मूठ गहू

आवाज आईचाच होता. तेवढ्यानंच मोहिनी सावध झाली.

"मोहनी, माय, मी बोली राहिनी."

सावद्याच्या केळीच्या शेडमध्ये जेवणाची सुटी झाली होती. मोहिनी फोन घेऊन खोक्यांच्या थप्पीमागे गेली. समोरचा नंबर अनोळखी होता. तिचा हा नवा नंबर माहेरी पिंपळनेरला एकट्या आईला, शेवंताबाईला ठाऊक होता, आणि आईला तिनं बजावलं होतं की जिवावर बेतलं तरच फोन करायचा.

चैत्रात, ती धुळ्यात लपून राहत होती तेव्हा, असाच भावाचा आवाज आला होता. "ताई, मी भूषण. पत्ता सांग, आईला बरं नाही." तिनं भाबडेपणानं सांगून टाकला. संध्याकाळी जिन्याखाली उभा होता तो भूषण नव्हे, नवरा होता. प्रेमराज. भूषणनं फोन केलाच नव्हता. तो आवाज मोबाइलवर बनवलेला होता. मागच्या गच्चीवरून उडी टाकली म्हणून मोहिनी वाचली. तेव्हापासून तिला परक्यापेक्षा ओळखीच्या आवाजाचीच जास्त धास्ती.

"कानबाईना रोट करी राहिनूत," आवाज सांगत होता. "तुन्ही बी सव्वा मूठ टाकेल शे. घरना बठ्ठा जन वाट देखी राहिनात. रोट खावाले ये. कोठे शे तू? पत्ता सांग, भूषण तुले लेवाले ई."

मागे कुठेतरी खट्, खट् होत होतं. अडकित्ता. प्रेमराजला सुपारी कातरायचा नाद. भांडतानाही हात चालूच. एकदा त्यानं त्याच अडकित्त्यात तिची करंगळी धरली होती. म्हणजे मेला आवाज बनवणाऱ्या यंत्रापाशी बसून ऐकत होता!

पत्ता ती सांगणार नव्हतीच. पण आता तिला ते रोटाचं खटकलं.

श्रावणात घरात कानबाई देवी बसली की घरातल्या माणसामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्यांच्या पिठाचे जाडजूड रोट करायचे आणि ते घरच्यांनीच खायचे. सासरी गेलेल्या लेकीची मूठ टाकत नाहीत. तिला माहेरचा रोट चालत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मोहिनीनं लाडात येऊन एक तुकडा मोडला होता, तर आईनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि मग स्वतःच चुलीपाशी रडत बसली. ती बाई लेकीची मूठ टाकेल? प्रेमराजच्या घरी कानबाई बसतच नव्हती. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

इतके महिने भिऊन भिऊन जगलेल्या मोहिनीला एकाएकी संताप आला.

"प्रेमराज, आयकी राहिना ना तू?" ती फोनमध्ये म्हणाली. "मन्ही मायना आवाज चोरा, पन तिन्ही अक्कल कशी चोरशी? सासरी गयेल पोरले माहेरना रोट चालत नही! मन्ही माय मरी जाई, पन असं बोलाव नही."

अडकित्ता थांबला.

मग आईचा आवाज हळूच म्हणाला, "हुशार शे मन्ही पोर."

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मोहिनी जळगावला सुलक्षणाताईंच्या ऑफिसात गेली. सुलक्षणाताई वकील, घरातून पळालेल्या बायकांच्या केसेस त्या फुकट लढत. मोहिनीच्या फोनवर प्रत्येक कॉल रेकॉर्ड होईल अशी सोय त्यांनीच, ती धुळ्यात होती तेव्हापासून, करून दिली होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

"भल्याभल्यांना नसतं जमलं हे! आपण सूचना पाठवतोय ना सरकारला, नव्या कायद्यासाठी? आवाज म्हणजे माणसाच्या हातापायांसारखा त्याचा स्वतःचा. विचारल्याशिवाय कुणी तो बनवला की सरळ गुन्हा. तुझं रेकॉर्डिंग त्याला जोडू."

"पण ताई, त्याला माझा नंबर कुठून मिळाला?"

"नंबर काय, आजकाल कुठूनही गळतो. त्याच्याविरुद्धच तर भांडतोय आपण."

"आईला एकदा फोन करू का?"

"वेडी आहेस का? तो तिथे टपून बसला असेल. केलास की सापडलीस."

मोहिनीनं मान डोलावली. सही केली तेव्हा छातीवरचा दगड थोडा हलला होता. आपल्यासाठी नाही तर नाही, आईच्या आवाजासाठी तरी ती लढणार होती.

चैत्रातलं आणि हे, दोन्ही रेकॉर्डिंग तपासायला धुळ्याला प्रशीलकडे गेली. तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. खरा आवाज कुठला आणि यंत्राचा कुठला, हे शोधणं हेच त्याचं काम. पुढचे दिवस मोहिनी शेडवर जात राहिली. केळ्यांची फणीमागून फणी खोक्यात भरायची आणि प्रत्येक मोटारसायकलला दचकायची. आईचा फोन आला नाही. बरं झालं, तिनं मनाला समजावलं, आई सांगितल्यासारखी वागतेय.

आठवडा उलटल्यावर सुलक्षणाताईंनी तिला बोलावून घेतलं. प्रशीलचा फोन यायचा होता. तो आला तेव्हा ताईंनी स्पीकर लावला.

"मॅडम, चैत्रातला भावाचा आवाज बनावटच आहे," प्रशील म्हणाला. "पण हे दुसरं रेकॉर्डिंग पाठवू नका."

"का रे? नीट आलं नाही का?"

"नीट आलंय. पुन्हा पुन्हा तपासलं मी. यात यंत्र कुठेच नाही. त्या बाई स्वतः बोलतायत, आणि सुपारी कातरणारा माणूस त्यांच्या शेजारीच बसलाय."