आज शेवटचा भाग

हरवलेल्या मुलीचा बाप आजही पोलीस चौकीच्या बाकावर येऊन बसला. आतल्या खोलीत दोन हवालदार हिरिरीने वाद घालत होते.

"पोरगी जिवंत असणार. शेवटी घरी येते की नाही बघ."

"छे, ती पहिल्याच दिवशी मेली. मामानेच मारलंय, लिहून ठेव."

बाप भिंत धरत दारापर्यंत आला.

"अहो काका, बसा आधी," थोरला हवालदार ओशाळून म्हणाला. "आम्ही मालिकेबद्दल बोलतोय. आज शेवटचा भाग आहे, म्हणून."

बापाचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आणि माझ्या मुलीचं काय, साहेब?"

"तुमचं प्रकरण अजून कुणी हातात घेतलेलं नाही, काका."